आधी डाळिंब, मग गिटार

मल्लिनाथ बडिगेरांकडे कोणी गिटार करून मागायला आलं, की ते आधी त्याच्या हातात डाळिंब देतात. सांगोल्याचं, टणक, लालभडक. चाकू देत नाहीत. "सोला," एवढंच म्हणतात आणि समोर स्टुलावर बसून बघत राहतात.

पाहुणा बिचारा पुण्याहून नाहीतर हुबळीहून आलेला असतो. त्याला वाटतं, हा पाहुणचार आहे. तो चार दाणे तोंडात टाकतो, दहा खाली सांडतो, शर्टावर डाग पाडून घेतो. तोवर बडिगेरांना हवं ते कळलेलं असतं. करंगळी कुठवर पोचते, अंगठ्यात जोर किती, माणूस उतावळा की धीराचा. त्यावरून ते गिटारची मान घासतात, कोणाची जाड, कोणाची बारीक.

"नुसता पंजा मोजून काय कळतंय, बाई?" ते मला म्हणतात. "मेलेल्या माणसाचा पन पंजा मोजता येतो की. हात काम करताना बघावा."

इरा, कबीर, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, ते काका नक्की आहेत तरी कसे?" डिसेंबरात तुम्हाला दिसलं ते अर्धंच होतं. तुम्ही कॅलगरीला परत गेल्यावर इथे काय झालं, ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते आहे.

जुळे सोलापुरात आपल्या घरामागे पत्र्याची जी शेड आहे, तीच त्यांची कार्यशाळा. बडिगेर मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. आधी ते कपाटं, पलंग, देव्हारे करत. एकदा लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याने मोडक्या मानेची गिटार दुरुस्तीला आणली. ती त्यांनी उघडली आणि चकित झाले. "आत काय न्हाईच की! नुसती हवा! कपाटात कपडे ऱ्हातात, ह्यात हवा ऱ्हाते. आन् कपाटापेक्षा लई अवघड. हवेला घडी घालता येत न्हाई." त्या दिवसापासून कपाटं बंद झाली. आजवर बेचाळीस गिटारी त्यांनी एकट्याने हाताने केल्या आहेत.

शेडमध्ये एका खिळ्याला भाजलेला पापड टांगलेला असतो. सकाळी आल्यावर ते आधी पापडाचा कोपरा मोडतात. कट्कन मोडला, तर हवा कोरडी. त्या दिवशी सरस लावायचा. मऊ पडला, तर सरसाला सुट्टी. मी एकदा त्यांना सुचवलं की हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र मिळतं. "यंत्र खोटं बोलंल," ते म्हणाले, "पापडाला काय पडलंय?" बडिगेरवहिनी मात्र वैतागतात. "घरातल्या मानसांना पापड कमी पडला तरी चालंल, खिळ्याला पायजेच!"

गेल्या वर्षी इरा गिटार शिकायला लागली, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. "नातीसाठी एक करून द्या."

"आना की पोरीला. डाळिंब देतो."

"ती कॅलगरीला असते. डिसेंबरात दहा दिवस येईल, तेव्हा तयार हवी."

"डाळिंब सोलल्याबिगर मी हत्यार उचलत न्हाई, बाई."

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नकार ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी इराकडून तिचा गिटार वाजवतानाचा एक फोटो मागवला, मोठा छापून घेतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "हात काम करताना बघायचा होता ना? बघा."

त्यांनी फोटो उजेडात नेला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही डावखुरी हाय की!"

मी म्हटलं, "असेल." कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. तुमचं अक्षर मी पाहिलेलं नाही, सगळं टाइप केलेलं येतं. फोनवर जेवताना दिसता, तेव्हा काटा कधी या हातात, कधी त्या. एक फोन करून विचारायला हवं होतं. मी केला नाही.

बडिगेर मात्र बदललेच. एरवी त्यांचं पालुपद, "घाई कुनाला हाय?" आता सकाळी सातला रंधा ऐकू यायचा. शिसवाच्या दोन फळ्या त्यांनी कोणालाही दिल्या नव्हत्या, त्या याच गिटारसाठी काढल्या. एक दिवस कुंपणावरून हाक मारून विचारलं, "बाई, तिकडं पापड किती दिवस कडक ऱ्हातो?" मी तुमच्या आईला विचारलं. ती म्हणाली, हीटर चालू असला की अख्खा हिवाळा. "म्हंजे सोलापूरच की!" ते खूश होऊन म्हणाले.

मग तुम्ही आलात. इराने गिटार मांडीवर घेतली, इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि हळूच म्हणाली, "आजी, ही उलटी आहे."

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने आरशासारखा उलटा फोटो काढला होता, हे इराने मग समजावून सांगितलं. इराच्या टी-शर्टावरची इंग्रजी अक्षरंसुद्धा उलटी होती. मुलांच्या वह्यांतली उलटी अक्षरं शोधण्यात माझा जन्म गेला, आणि हीच दिसली नाहीत!

"मी बघितली की ती अक्षरं," बडिगेर म्हणाले. "म्हटलं, तिकडची लिपी असंल."

इरा म्हणाली, "काका, तारा उलट्या लावू या ना."

"तारा फिरतील गं बाळा. आतल्या पट्ट्या कशा फिरवू? जाड तारांखाली आधार येगळा, बारीक तारांखाली येगळा." मग त्यांनी तिच्यापुढे डाळिंब ठेवलं. "आता सोल." इराने एकही दाणा न सांडता सोललं. "ब्येस. उन्हाळ्यापर्यंत दुसरी करतो."

तुम्ही गेलात, आणि ती चूक माझ्या मनाला लागून राहिली. आठ महिन्यांची मेहनत आणि ठेवणीतलं लाकूड माझ्या हट्टापायी वाया गेलं. मी शोधाशोध केली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीत पुण्याचा एक डावखुरा मुलगा निघाला. त्याला अशीच गिटार हवी होती. मी लगेच बडिगेरांना सांगितलं.

"पॉलिश ओलं हाय," ते म्हणाले.

आठवड्याने परत विचारलं. "पापड मऊ पडलाय, बाई. आत्ता न्हाई हलवता येत." सोलापुरात, जानेवारीत, पापड मऊ! मी खिळ्यापाशी जाऊन कोपरा मोडला. कट्कन मोडला. बडिगेर रंध्याची धार बघत राहिले.

पुढच्या सोमवारी मी भर दुपारी गेले. त्या वेळी वहिनी झोपलेल्या असतात आणि बडिगेरही पडलेले असतात, असा माझा समज. शेडचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत बडिगेर स्टुलावर बसले होते, मांडीवर ती गिटार. उजव्या हाताची बोटं तारा दाबत होती, डावा हात त्या छेडत होता. तेच तीन सूर, अडखळत, परत पहिल्यापासून. चुकले की स्वतःलाच म्हणायचे, "अय्यय्यो," आणि पुन्हा सुरू.

मला बघून ते उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. तुम्हाला वाजवता येतं, हे ठाऊक नव्हतं."

"येत न्हाई की." त्यांनी गिटार सोडली नाही. "मी डावखुरा, बाई. शाळेत मास्तरांनी छडी मारून हात बदलला. मग जेवन उजव्यानं, करवत उजव्यानं. गिटार पन सगळे धरतात तशीच धरून बघितली. बोटं ऐकंनात. म्हटलं, आपल्यात ते न्हाईच. आपन करायची, लोकांनी वाजवायची."

"मग एक स्वतःसाठी अशी का नाही केलीत?"

"सुचलंच न्हाई. फोटोत पोरगी बघितली तवा वाटलं, अशी पन धरतात व्हय! आन् धरली तर कुनी मारत न्हाई."

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. त्यांनी आवाज खाली आणला. "हिला सांगू नगा, हसंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिटार इराची हाय, तिच्यासाठी केली होती. तिला इचारा, मी ठिवू का? न्हाई म्हनली तर पुन्याला देतो."

मी पुण्याला फोन करून तूर्त थांबा म्हणून कळवलं. पण ठेवायची परवानगी तू द्यायची आहेस, इरा. ती मी तुझ्या वतीने दिलेली नाही. त्यांना ती तुझ्या तोंडून ऐकायची आहे. रविवारी फोन कर, मी शेडमध्ये नेऊन देते.

निघताना त्यांनी दार उघडून धरलं, तेव्हा त्यांचा उजवा हात उजेडात आला. नखं मुळापर्यंत कापलेली होती. सुताराच्या तळहाताला घट्टे असतातच, बोटांच्या टोकांना नसतात. परवानगी ते त्या दिवशी मागत होते. टोकांवरचे घट्टे चांगले महिन्याभराचे होते.