मंजूर नमुन्याचा गालिचा

जनावराला बसायचं असलं की ते बसतं. माणसाला बसायचं असलं की तो आधी खाली काय घालायचं याचा विचार करतो. मानवी संस्कृतीची सगळी प्रगती या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाली आहे, आणि तिचा अगदी अलीकडचा टप्पा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, फॅक्टरीच्या वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये गाठला गेला. मी त्याचा साक्षीदार आहे. (घरात धड मोजपट्टी असलेला क्वार्टरांच्या ओळीत मी एकटाच, म्हणून त्यासाठी नेमलेल्या समितीचा सदस्यही होतो.)

इश्वर फॅक्टरीत तपासणीच्या कामावर आहे. अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. तुम्ही-आम्ही टरबुजावर दोन टिचक्या मारतो, घरी आणतो आणि पस्तावतो. इश्वर पस्तावत नाही, कारण तो टरबूज घेतच नाही. त्याची बायको तृप्ती शाळेत शिकवते. मुलगी गुड्डी दुसरीत आहे. भुऱ्या हा कुत्रा आहे. त्याची जात विचारली तर बसस्टँड असं सांगावं लागेल. इश्वरची आई धुरपता गावाहून, दिघोरीहून येऊन-जाऊन असते. ती नातीला शाळेतून आणते, आणि भुऱ्याला तोंडाने शिव्या व हाताने भात घालते.

मूळ प्रश्न फरशीचा होता. गुड्डी पालथी पडून अभ्यास करते आणि उशाला भुऱ्याचं पोट घेते. भुऱ्याची हरकत नसते. फरशी मात्र थंडीत बर्फ होते, त्यामुळे दरवर्षी पोरीला जी सर्दी लागते ती होळीपर्यंत काही हटत नाही. यंदा पावसाळा सरतानाच तृप्तीने निकाल दिला.

"एक तं खाली काही टाका, नाही तं भुऱ्याले दिघोरीले पाठवा. त्याच्या नादानं पोट्टी दिवसभर फरशीवर लोळून राहते."

गुड्डीने भुऱ्याच्या गळ्याला मिठी मारली आणि जे भोकाड पसरलं ते शेवटच्या क्वार्टरपर्यंत ऐकू गेलं. इश्वर विरघळला. "भुऱ्या कुठीच नाही जात," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच गालिचा आणू." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण त्या घरात पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

त्याच संध्याकाळी धुरपताबाईंनी आपल्या पेटीतून एक वाकळ काढून पुढे केली. जुन्या लुगड्यांची, जाडजूड, हाताने शिवलेली. तिच्यावर त्यांची तीन लेकरं रांगली होती, मांजर व्यायली होती, आणि ती अजून धडधाकट होती. समितीने या वाकळीचा विचार केला नाही. कारण उघड आहे. तिच्यावर 'धुण्यायोग्य' असं लेबल नव्हतं.

मोबाईलवर मात्र 'लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरांसाठी खास' असे धुता येणारे गालिचे शेकड्यांनी होते. प्रत्येक फोटोत एक गोरं बाळ आणि एक पांढरा कुत्रा स्वच्छ गालिच्यावर हसत बसले होते. (त्या बाळाला आणि त्या कुत्र्याला आयुष्यात कोणी वरण-भात दिलेला नसावा.) इश्वरने तीन कंपन्यांचे तीन गालिचे मागवले आणि चाचण्या ठरवल्या. हळदीचं वरण. चहा. स्केचपेन. चिखलाचे पंजे. शेवटी, अहवालाच्या सभ्य भाषेत, 'द्रव स्वरूपाचा प्राणिजन्य डाग'.

इथे पहिली अडचण आली. गुड्डीला सांगण्यात आलं की वाटी गालिच्यावर सांड. ज्या पोरीने जन्मभर सांडल्याबद्दल धपाटे खाल्ले, तिला तेच काम सरकारी हुकमाने करायला सांगितल्यावर तिने वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मंग मारान तं नाही?" तिने तीनदा विचारलं, आणि थेंबही न सांडता वाटी खाली ठेवली. भुऱ्याला गालिच्यावर नेऊन उभं केलं, पाणी पाजलं, "शू शू" केलं. भुऱ्या समितीकडे बघत राहिला. मग स्वतःहून दार ढकलून बाहेर गेला आणि रीतसर विजेच्या खांबापाशी काम उरकून आला. अशा रीतीने दोन्ही मुख्य वापरकर्त्यांनी असहकार पुकारल्यामुळे सर्व डाग इश्वरने स्वतःच्या हाताने, चमच्याने मोजून पाडले. (शेवटचा डाग कसा पाडला हे अहवालात नाही, आणि मी विचारलंही नाही.)

धुरपताबाई कोपऱ्यात सुपारी कातरत हे सगळं पाहत होत्या. "पोट्टं अन कुत्रं घरात असल्यावर डाग काय मोजून पाडा लागतेत?" त्या म्हणाल्या. "थोडा दम धर ना, बाप्पा!"

पहिल्या गालिच्याचा रंग उतरला. दुसऱ्याचा रंग टिकला, गालिचाच आटला. तिसरा मात्र सगळ्या डागांतून असा धुऊन निघाला की तो आपण वापरलाच नाही असं वाटावं. निळसर, मऊ, कडेला वेलबुट्टी. तेहतीस टक्के माल उत्तीर्ण! इश्वरने त्याच्या मागच्या बाजूला तारीख टाकली, सही केली, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याखाली लिहिलं, 'मंजूर नमुना'.

ज्यांनी कधी तपासणीचं काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक खुलासा करतो. मंजूर नमुना वापरत नसतात. तो जपून ठेवायचा असतो. पुढे जो माल येईल तो या नमुन्याशी ताडून बघायचा, आणि नमुनाच मळका झाला तर ताडायचं कशाशी? युक्तिवाद बिनतोड होता. मी स्वतः मान डोलावली. इश्वरने वापरासाठी तसाच दुसरा गालिचा मागवला, आणि कंपनीने कळवलं की माल संपला आहे, आल्यावर कळवू.

तोपर्यंत नमुन्याचं काय करायचं? गुंडाळला तर घडी पडते. उन्हात टाकला तर रंग जातो. कपाटात ठेवला तर कसर लागते. म्हणून तो हॉलमध्ये पूर्ण उघडा अंथरण्यात आला, आणि वाहतूक भिंतीकडेने वळवण्यात आली. मी येत असे तेव्हा पाठ भिंतीला घासत, एकेक पाऊल टाकत सोफ्यापर्यंत पोचत असे. सोफ्यावर बसल्यावर पाय वर घ्यावे लागत, कारण सोफ्यासमोर नमुना होता.

"अरे इश्वर," धुरपताबाईंनी एक दिवस विचारलं, "हा आथराले आनला का पुजाले?"

इश्वरने त्यांना पुरवठ्याची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारीचा अडकित्ता पेटीत टाकला. सुपारीचे बारके तुकडे गालिच्यावर उडतात, अशी नोंद त्याआधी दोनदा झाली होती.

मग भुऱ्याची पाळी आली. भुऱ्याचा गुन्हा इतकाच, की त्याला केस होते. तृप्ती बोलली तेव्हा तिचा आवाज खाली होता, हे मी सांगितलंच पाहिजे. "काही दिवसच ना," ती म्हणाली. "दुसरा गालिचा आला का घेऊन येऊ त्याले."

गुड्डी या वेळी रडली नाही. तिने बापाला एवढंच विचारलं, "पण बाबा, तुमी तं भुऱ्यासाठीच आनला होता ना?"

इश्वरजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. याचं म्हणून त्याने आत जाऊन कंपनीला स्मरणपत्र लिहिलं.

भाऊबीज झाली होती. दिघोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, जवळ आली होती, गावोगावचे पाहुणे जमण्याचे दिवस. गावचा मंगरू आपल्या पिकअपमधून भंडाऱ्यात धान उतरवून परत चालला होता. त्याच्या गाडीत मागे भुऱ्या बसला, पुढे धुरपताबाई पेटी आणि वाकळ घेऊन बसल्या, आणि मंडई पाहून येते म्हणून मध्ये गुड्डी बसली.

मंडई झाली. सुट्ट्या संपल्या. इश्वर पोरीला आणायला दिघोरीला गेला. सारवलेल्या अंगणात वाकळ पसरली होती. वाकळीवर पालथी पडून गुड्डी पाढे लिहीत होती, आणि तिच्या उशाला भुऱ्याचं पोट होतं. वाकळीवर भात सांडला होता. भुऱ्या तो मान न उचलता, जिभेच्या टप्प्यात येईल तेवढा खात होता.

"भुऱ्या बी येते का?" गुड्डीने विचारलं.

इश्वर खोटं बोलत नाही. खोटं बोलणारा माणूस त्या कामावर टिकत नाही. "माल आला का येते," तो म्हणाला.

"मंग माल आला का मी बी येतो."

सध्या ती दिघोरीच्या शाळेत जाते. व्यवस्था तात्पुरती आहे. दर रविवारी इश्वर आणि तृप्ती तिला भेटायला जातात, आणि येताना दाराबाहेर कपडे झटकून घरात शिरतात. स्वयंपाकघरात जेवतात, तिथेच बसतात. गालिच्याची प्रकृती उत्तम आहे. थंडी कडाक्याची पडली, पण त्या घरात यंदा कोणालाही सर्दी झाली नाही, हे योजनेचं यश मान्य करावंच लागेल.

गेल्या आठवड्यात मासिक तपासणीसाठी मला मोजपट्टीसह बोलावलं होतं. वेलबुट्टीत एका जागी एक आखूड भुरा केस अडकलेला सापडला. इश्वर वाकून त्याच्याकडे बघू लागला. तृप्तीही गुडघ्यांवर बसली. चिमटा माझ्याजवळ होता. मी तो पुढे केला. कोणी घेतला नाही. शेवटी तृप्ती म्हणाली, "राहू द्या, काका," आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. अहवालात इश्वरने लिहिलं, 'दोष आढळला नाही.' त्याच्या नोकरीतला पहिला खोटा अहवाल. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

असो. गालिचा बघण्यासारखा आहे, जरूर या. उंबऱ्यातूनच दिसतो. एवढं वाचून तुम्ही हसला असाल तर त्यातही वावगं काही नाही; दुसऱ्याच्या हॉलमध्ये बसून मीही पुष्कळ हसलो आहे. घरी परतल्यावर मी माझा हॉल पाहिला. काचेच्या कपाटातला कपांचा सेट अखंड होता, सोफ्याचं प्लास्टिक शाबूत होतं, भिंतीवर तेलकट डोक्याचा एकही डाग नव्हता. तुमच्याकडेही सगळं असंच नव्यासारखं असणार. फक्त जाता जाता एक विचारतो, रागावू नका.

तुमचं दिघोरीला कोण आहे?