आबा नाझरांचा नेम

ज्याने पंचेचाळिशी उलटेपर्यंत प्रश्नपत्रिकांखेरीज काहीही लिहिले नाही, अशा गणिताच्या मास्तराने एकाएकी लोकांनी वाचावे म्हणून लेखणी उचलणे हे धार्ष्ट्यच आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. भाषेचा डौल माझ्यापाशी नाही. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात आणि थंडीच्या दिवसांत ते रोज सकाळी आपली बंदूक शालीत गुंडाळून उन्हात ठेवतात, एवढ्याच भांडवलावर मी लिहावयास बसलो आहे.

बंदूक उन्हात का, हे प्रथम सांगितले पाहिजे. ती हवेची, छर्रे मारण्याची बंदूक. तिच्या पोटातल्या कमानीला अधूनमधून तेल द्यावे, असे सोबतच्या इंग्रजी कागदावर लिहिले होते. कोणते तेल द्यावे, हेही पुढच्या ओळीत होते. परंतु तिथपर्यंत वाचण्याची आबांना गरज वाटली नाही. रत्नागिरीत तेल म्हणजे खोबरेल. त्यांनी ते सढळ हाताने ओतले. आश्विनात सर्व सुरळीत चालले. पौषात खोबरेल थिजले आणि त्याबरोबर बंदूकही थिजली. चाप दाबला की छर्रा नळीतून घरंगळत बाहेर येई आणि आबांच्या पायाशी पडे. तेव्हापासून लोणच्याच्या बरण्यांशेजारी तिची जागा ठरून गेली. तेल बदलून पाहावे, असे मी भीत भीत सुचविले, तेव्हा आबा म्हणाले, "मास्तर, एकदा दिलेला निकाल आम्ही फिरवीत नाही."

आबा दिवाणी कोर्टात नाझर, म्हणजे समन्स-जप्तीचे काम पाहणारे अंमलदार होते. पेन्शन घेऊन त्यांना बरीच वर्षे झाली, तरी कोर्टाने त्यांना सोडले नाही. आमटीत मीठ कमी असले तर ते 'दुरुस्तीस जागा आहे' म्हणतात. पाऊस लांबला तर 'तारीख पडली' म्हणतात. त्यांचे आडनाव आळीत कोणालाच लागत नाही; टपालवालासुद्धा 'आबा नाझर' अशीच हाक घालतो.

बंदूक मुंबईहून बोटीने आली, ती वानरांसाठी. निदान तसे जाहीर झाले होते. परसातल्या फणसावर वानरांची टोळी उतरे आणि कोवळ्या कुयऱ्यांची नासाडी करी. मात्र बंदूक हाती आल्यावर आबांनी वानरांवर ती कधी रोखली नाही. मुक्या प्राण्याची बाजू ऐकल्यावाचून त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल देता येत नाही, असे त्यांचे मत पडले. वानरांनाही हे लवकरच समजले असावे. कारण नेमबाजी चालू झाली की ती मंगलोरी कौलांवर ओळीने बसून पाहत राहतात.

निशाण म्हणून आबांनी पातेल्यावरची एक जुनी पितळी झाकणी पोफळीला सुंभाने टांगली. झाकणीच्या मागे आमच्या दोन घरांमधला जांभ्या दगडांचा गडगा. पहिल्याच दिवशी झाकणीला चुकलेला छर्रा गडग्यावर आपटून परत फिरला आणि पडवीत ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यावर ठणकन बसला. तेव्हा आतून माईंचा आवाज आला.

"तांब्याने काय गुन्हा केला होता हो?"

माई म्हणजे आबांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. त्याआधी त्यांचे बोलणे गडग्यावरून आमच्या माजघरापर्यंत येत असे आणि आमच्याकडचे घड्याळ बंद पडले तरी अडत नसे. दृष्टी गेल्यावर मात्र त्या देवघराशेजारच्या काळोख्या खोलीत जाऊन बसल्या आणि बोलेनाशा झाल्या. ते घर इतके शांत झाले होते की आडावर पोहरा आपटला तरी दचकायला होई. म्हणून त्या दिवशी माईंचा आवाज ऐकून मी हातातली पाटी खाली ठेवली, हे मला पक्के आठवते.

दुसऱ्या दिवशी माई भिंतीचा आधार घेत पडवीत आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. तेव्हापासून तोच परिपाठ झाला. आबांनी गडग्यापुढे तुसाने भरलेले एक पोते उभे केले, म्हणजे छर्रा उलटू नये. छर्रा झाकणीला लागला तर टण् वाजे. चुकून पोत्यात गेला तर नुसते धप् होई. आबा बार काढीत आणि माई निवाडा देत.

धप् झाले की आबा गंभीरपणे म्हणत, "निकाल राखून ठेवला."

"आज काय पाडलंत? ऊन?" माई विचारीत. "बेलिफाच्या हातून समन्स तरी बरोबर घरी पोचत होतं का, का तेही पोत्यातच?" मग त्यातूनच गोष्टी निघत. आबांनी एकदा देवरूखला जप्तीला जाऊन भलत्याच्याच घरचा रेडा कसा ओढून आणला, लग्नात मंगलाष्टके चालू असताना अक्षता कोणाच्या डोक्यावर टाकल्या, असे सारे जेवणवेळेपर्यंत चाले. आबा मान खाली घालून ऐकत आणि बंदूक पुसत राहत.

मलाही त्यांनी शिष्य केले. माझा स्वभाव इतका भिडस्त की पहिला छर्रा सोडण्यापूर्वी मी झाकणीची क्षमा मागितली, असे आबा सर्वांना सांगतात. ते अगदीच खोटे नाही. शिकवायला मात्र ते चोख. छर्रा भरलेला असो वा नसो, नळी माणसाकडे वळवायची नाही. पडवीतून कोणी अंगणात उतरले की बंदूक खाली. छर्ऱ्यावाचून रिकामा बार काढायचा नाही, कमान मोडते. श्वास अर्धा सोडून थांबायचे. चाप ओढायचा नाही, लिंबू पिळताना थेंब पडू नये इतक्या बेताने दाबायचा. इतके नीट शिकविणारा माणूस स्वतः दहांतले सात छर्रे पोत्यात कसे घालतो, याचे मला नवल वाटे. वय झाले, असे मी मनाशी म्हणे आणि विषय सोडून देई.

गेल्या वैशाखात माईंना त्यांचे बंधू मुंजीसाठी देवरूखला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर पेपर तपासत बसलो होतो. पलीकडून टण् वाजले. पुन्हा टण्. मग एकामागून एक वाजतच राहिले. कोणी पट्टीचा नेमबाज पाहुणा आला असावा, अशा समजुतीने मी गडग्यावरून डोकावलो. अंगणात आबा एकटेच होते. माझ्या देखत त्यांनी एका छर्ऱ्याने झाकणीचे सुंभ मधोमध तोडले आणि झाकणी गडगडत खाली आली.

मला पाहून ते चोरी सापडल्यासारखे ओशाळले. बंदूक खांबाला टेकवून म्हणाले, "हे कामकाज बंद दाराआड झालं असं समजा, मास्तर."

"पण मग रोज..."

"लागली की ती 'बरं' म्हणते आणि गप्प बसते," आबा म्हणाले. "चुकली की बोलते. लागायला काय, दोन महिन्यांत लागायला लागली होती. झाकणीला टाळून मारायला मात्र पुष्कळ शिकावं लागलं."

माई परत आल्या आणि झाकणी पुन्हा पोफळीला लटकली. पुन्हा धप्, पुन्हा निकाल राखून ठेवला. मी आता जाणता झालो होतो, म्हणून माझी नजर खाली असे. एके दिवशी आबा छर्ऱ्यांची डबी आणायला आत गेले असताना माई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हल्ली हसत नाही ते. कळलं वाटतं तुम्हाला?"

मी उगाच बंदूक पुसू लागलो.

"पहिल्या दिवसांत छर्रा कुठेही जायचा. तांब्याला, केळीला, तुमच्या कौलांना. तो खरा चुकणारा माणूस. आता टण् नाही झालं की धप् होतं, आणि तेही पोत्याच्या एकाच अंगाला. चुकणारा इतका नेमका चुकतो होय?"

"मग तुम्ही इतकं बोलता ते?"

माईंनी पदर सारखा केला. "पेन्शनीत आल्यापासून त्यांच्याकडे कोण येतं हो? मी गप्प झाले तेव्हा तेही गप्प झाले होते. दिवसच्या दिवस. मी बोलले नाही तर ते ऐकतील कोणाचं?"

तेवढ्यात आबा डबी घेऊन आले. माईंनी लगेच आवाज चढवला, "किती वेळ तो? डबीसुद्धा सापडत नाही, झाकणी कुठली सापडायला?" आबा हसले आणि श्वास अर्धा सोडून त्यांनी पोत्याच्या त्याच अंगावर नेम धरला.

अजूनही संध्याकाळी गडग्याशी उभे राहून ते मला हलक्या आवाजात विचारतात, "मास्तर, तिला काही संशय नाही ना आला?" मी 'नाही' म्हणतो. आजवर कोणालाही चुकीचे उत्तर न सांगण्यात माझा जन्म गेला. वाचकहो, तुम्ही असता तर काय सांगितले असते?