कपाटातली बाई

चंद्रशेखर जाऊन तीन महिने झाले होते आणि शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता त्यांच्या कपाटातून एका बाईने त्यांना हाक मारली.

"मॉर्निंग, चंद्रा. आहेस का आज?"

विभावरीबाई नवऱ्याचे स्वेटर काढत होत्या. खालच्या कप्प्यात मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं, कुठलंसं बटण दाबलं गेलं, थोडी खरखर झाली आणि बाई बोलली. इंग्रजीत, पण अगदी घरच्यासारखी. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात विभावरीबाईंनी स्वतः त्यांना कधी 'चंद्रा' म्हटलं नव्हतं.

"निवेदिता!"

मुलगी धावत आली. ती माउंट वेलिंग्टनला एका फार्मसीत होती आणि कपाट आवरायला म्हणून पुकेकोहेला आईकडे आली होती.

"आई, हा स्कॅनर आहे. दुसऱ्यांचं वायरलेसवरचं बोलणं यावर ऐकू येतं. आपल्याला यातून बोलता येत नाही."

"आपल्याला येत नाही. तिला येतंय ना?"

"ती कुणालाही म्हणत असेल. पुकेकोहेत निदान चार चंद्रा आहेत."

"त्यांच्या कपाटात त्यांच्या बायकांनी बघावं. हे माझ्या घरातलं कपाट आहे."

मफलरमध्ये एक वहीही निघाली. चार वर्षांच्या तारखा, तारखांपुढे दशांश चिन्हांचे आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एकच नाव: नोलीन. आकडा दर वेळी नवा. नोलीन तीच. तारखा सगळ्या शनिवारच्या.

"त्या शनिवारी तर लायब्ररीत जायचे," विभावरीबाई म्हणाल्या. "डबा मीच द्यायचे. दोन पोळ्या जास्त मागून घ्यायचे." त्या थांबल्या. "जास्त!"

वहीच्या शेवटच्या पानावर गावाबाहेरच्या मोटार रेसच्या ट्रॅकचा नकाशा होता. कुंपणाच्या एका कोपऱ्यावर फुली.

"गाडी काढ."

"आई, आपण शांतपणे विचार करू."

"मी शांतच आहे. दिवस घातले, तेरावं केलं, काही कमी पडू दिलं नाही. ते मी कुणासाठी केलं, एवढं मला आज कळू दे."

फुलीच्या जागी गाडी लावून दोघींनी मफलरमधून स्कॅनर काढून चालू केला. आवाज आता स्वच्छ येत होते. ट्रॅकवर ठिकठिकाणी झेंडे घेऊन उभे राहणारे अधिकारी आपसात बोलत होते. पाच नंबरचा माणूस सॉसेज कधी येणार ते विचारत होता. यात नवऱ्याला चार वर्षं ऐकण्यासारखं काय होतं, ते विभावरीबाईंना कळेना. त्यामुळे संशय वाढला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "कुंपणापाशी करडी गाडी. दोन बायका. हातात स्कॅनर."

दोघी थिजल्या.

"आपल्याबद्दल बोलतायत," निवेदिता म्हणाली.

"हळू बोल. ऐकतील."

"त्यांना ऐकू जात नाही, आई!"

"तू गाडी पुढे घे."

गाडी झाडामागे गेली.

"करडी गाडी झाडामागे गेली," स्कॅनर म्हणाला. "म्हातारीकडे वही आहे."

"म्हातारी?" विभावरीबाईंनी वही शालीखाली सरकवली.

"वही शालीखाली."

"कोण आहे हा आगाऊ? काच वर कर!"

"काचा वर केल्या."

सहलीला आल्यासारखं दिसावं म्हणून विभावरीबाईंनी पिशवीतून सवयीने बरोबर घेतलेला डबा काढला.

"जेवायला बसल्या," पाच नंबर हळहळत म्हणाला.

"मी बघते," एक बाई म्हणाली. आवाज सकाळचाच. विभावरीबाईंनी डबा बंद केला आणि आरशात केस सारखे केले.

आली ती सत्तरीची, नारिंगी डगलेवाली, गमबुटांत फताडी पावलं टाकणारी बाई. विभावरीबाईंनी तिला टोपीपासून बुटांपर्यंत दोनदा पाहिलं.

"किया ओरा!" तिने तिथल्या रीतीने नमस्कार केला. "मी नोलीन. तुम्ही चंद्राच्या घरच्या ना? तो मफलर मी ओळखते."

"विचार तिला, कसा ओळखतेस."

नोलीन बॉनेटला टेकून सांगू लागली. चार वर्षांपूर्वी चंद्रशेखर या कुंपणापाशी येऊन म्हणाले, तुमच्या चार नंबरच्या वायरलेसची बॅटरी मरायला टेकलीय. सगळ्यांना वाटलं, कुठल्यातरी टीमचा हेर. लगेच फ्रिक्वेन्सी बदलली. पुढच्या रेसला या गृहस्थांनी कुंपणावरून हात वर केला: सापडली. पुन्हा बदलली, पुन्हा हात वर. मग ती रीतच झाली. नोलीनने सकाळी नवी फ्रिक्वेन्सी लावायची, यांनी दहा मिनिटांत शोधायची. हात दिसला की ती 'मॉर्निंग' म्हणायची, आणि मगच गाड्या सुटायच्या.

"आणि जास्तीच्या पोळ्या?"

"लोणच्याच्या गुंडाळ्या? हीप्स गुड! एक माझी, एक पाच नंबरची."

विभावरीबाई मुलीकडे वळल्या. "मग हे घरी सांगायला काय झालं होतं?"

"बाबा रिटायर झाले तेव्हा तू काय म्हणाली होतीस? घरात आणखी एक यंत्र आलं तर एकतर ते राहील, नाहीतर मी."

"ते मी प्रिंटरला म्हणाले होते."

बराच वेळ त्या वही चाळत राहिल्या. मग एकदम मान वर केली.

"थांब. दर वेळी नवा आकडा ना? मग आज कपाटात बटण दाबल्याबरोबर हिचा आवाज कसा लागला? स्कॅनर तर शेवटच्या आकड्यावर होता."

निवेदिताने इंग्रजीत विचारलं. नोलीन आपल्या बुटांकडे बघू लागली.

"मेपासून बदलली नाही. वाटलं, आजारी असेल. बरं नसताना शोधायचा त्रास कशाला? प्रत्येक रेसला हाक तेवढी मारते."

निवेदिताने आईकडे पाहिलं. विभावरीबाईंनीच सांगितलं, इंग्रजीत, दोन शब्दांत.

नोलीनने टोपी काढली. तिच्या खांद्यावरच्या वायरलेसमधून पाच नंबर विचारत होता, त्या बायकांचं काय झालं. तिने त्याचा आवाज बारीक केला.

विभावरीबाईंनी मुलीच्या हातातून स्कॅनर घेतला. उलटसुलट करून पाहिला. फिरवायची कळ कुठली, ते एकदा विचारून घेतलं.

"तिला म्हणावं, आता बदल."

"आई?"

"बदल म्हणावं. आणि सोपी देऊ नकोस."