कोरे टोमॅटो

सोमवारी सकाळी नेहमीसारखी ती टोमॅटो न्यायला आली, तेव्हा बाबा कात्री घेऊन गॅलरीच्या दारातच उभे होते.

"आत नको येऊस. झाडांना धक्का लागेल."

"पानं कुठे गेली सगळी?"

"काढली. सगळा जोर फळात जातो."

ती प्रयोगशाळेत टोमॅटोतलं कीटकनाशक शोधायची नवी पद्धत बसवत होती. त्यासाठी कोरे टोमॅटो लागत, म्हणजे जन्मात काही न फवारलेले. ते वाटायचे, मोजून औषध घालायचं आणि घातलं तेवढं परत सापडतं का बघायचं. नुसत्या कोऱ्यात मात्र काहीच निघता कामा नये. बाबा एकटे राहायचे. तिच्यासाठी त्यांनी तीन कुंड्या लावल्या होत्या. शुक्रवारी सहा महिन्यांच्या कामाचा अहवाल द्यायचा होता.

दुपारी कोऱ्यात कीटकनाशक निघालं.

"भांडी नीट धुतली नसतील," साहेब म्हणाले. भांडी धुतली, पुन्हा निघालं. मग कळलं, शेजारच्या टेबलावरचा सहकारी घरी डासांचा फवारा मारतो. त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तिसऱ्यांदाही निघालं, आकडाही तोच. संध्याकाळी अख्खी प्रयोगशाळा एकमेकांचे हात हुंगत होती.

"कितीदा सांगितलं तुला, तपासलेले टोमॅटो विकत मिळतात, ते मागव म्हणून!" साहेब वैतागले.

तिने घरी फोन लावला. "बाबा, खरं सांगा. काही फवारलंत?"

"मी? फवाऱ्याला हात लावला असेल तर नाव बदलीन!"

"बरं. ठेवते."

दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

साहेबांनी न विचारता अहवालाची तारीख पुढे नेली. दोन आठवड्यांनी ती घर आवरायला गेली आणि गॅलरीत शिरली. तिन्ही झाडं पार वाळलेली. एका काडीला हिरव्या दोऱ्याने, दुहेरी गाठ मारून, दोन सुरकुतलेले टोमॅटो बांधलेले.

शेजारच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या, "झाडं आधीच जळली होती, म्हणून त्यांनी हे बाजारातून आणले गं. म्हटलं, लेकीला सांगून टाका. तर म्हणाले, मग सोमवारी कशाला येईल ती?"

ती इतकी हसली की काकू घाबरल्या. मग तिने साहेबांना फोन केला.

साहेब म्हणाले, "म्हणजे आपल्याला पत्ता नसताना बाजारचा टोमॅटो आला आणि आपल्या पद्धतीने तो तिन्ही वेळा पकडला? अगं, एवढी कडक परीक्षा मीसुद्धा घेतली नसती! लिही अहवालात. आणि आता तरी ते तपासलेले मागव."

"मागवते."

काकू आत गेल्या. ती कुंडीपाशी बसून दोऱ्याची गाठ सोडवू लागली. सुटेना.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "टोमॅटो आम्हाला केव्हाही मिळाले असते. मी तुमच्यासाठी यायचे."