नाकतोड्याची विहीर

पहिल्या दिवशी सासूबाई एक्केचाळीस वेळा विहिरीत पडल्या, आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या जावयाला तोंडातून ब्र काढायची परवानगी नव्हती.

विहीर पडद्यावरची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. 'नाकतोडा' नावाचा उड्या मारायचा एक गेम बावीस वर्षांपूर्वी घराघरांत खेळला जाई. हिरवा नाकतोडा, पाठीला झोळी. वाटेतले खड्डे ओलांडायचे, भिंतींवर टुणटुण चढायचं आणि पानांआड लपलेले शंभर दवबिंदू झोळीत भरायचे. पुढे काळ बदलला आणि नाकतोडा लोकांच्या मनातून उतरला. आता एका कंपनीने त्याला पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं होतं, आणि त्यातली सगळ्यांत शेवटची लेव्हल, 'जुनी विहीर', या जावयाच्या हातची होती. चौकटीवर चौकट रचत बसायची त्याची पद्धत पाहून ऑफिसात त्याला सगळे गवंडी म्हणत. चौदा महिने त्याने ती विहीर बांधली होती. घरी बसला तरी काड्यापेट्यांचे कठडे रचून त्यांवरून दोन बोटं उडवत पाही आणि बायको नुसती बघत राही.

कंपनीच्या मालकांनी त्याला निक्षून सांगितलं होतं. जुने खेळणारे म्हणतात, गेम सोपा करून आमच्या आठवणी नासवू नका. नवे म्हणतात, उगाच छळू नका. मालक नव्यांचं ऐकणार होते. ज्याने जन्मात कधी गेम खेळला नाही अशा माणसाला विहीर पार करता आली पाहिजे. नाही आली, तर विहीर गेममधून जाईल आणि गवंडी उद्यापासून लेव्हल बांधायच्या सोडून मेनूतली अक्षरं लावत बसेल.

चाचणीसाठी ठरलेले गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले. तेव्हा बायको सहज म्हणाली, "आईला ने की. तिने आयुष्यात पत्तेसुद्धा खेळले नाहीत."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सासूबाईंनी त्याच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. शेजारीपाजारी कुणी चौकशी केली, तर "जावई ऑफिसात असतात" एवढं सांगून त्या विषय मिटवत. जणू ऑफिसात असणं हा एखादा बरा न होणारा आजार होता. त्या स्वतः एकतीस वर्षं शिवणसामानाच्या गोदामावर होत्या. बटणं, हूक, टाचण्या, रिळं. जमिनीवर बटण पडलेलं असेल, तर ते उचलून त्याच्या खणात टाकल्याशिवाय त्या गोदामाचा दिवा मालवत नसत. अशा बाईंपुढे आपली चौदा महिन्यांची पुण्याई उघडी करायची, या विचाराने गवंडी रात्री उशिरापर्यंत काड्यापेट्या रचत बसला.

त्या आल्या. मांडीवर पर्स, पर्सवर हात. चाचणीचे नियम दोन होते. पहिला ऑफिसच्या लोकांसाठी. खेळणाऱ्याशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, काचेपलीकडून नुसतं बघायचं. एक शब्द जरी सुचवला, तरी चाचणी बाद. दुसरा नियम खेळणाऱ्यासाठी. सगळ्या चाचण्या संपून शेवटचा कागद भरून होईपर्यंत गेमबद्दल बाहेर कुणाशीही बोलायचं नाही. असल्या कागदांवर लोक न वाचता सही ठोकतात. सासूबाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, सही केली, खाली तारीख घातली, आणि त्या क्षणापासून त्यांच्या ओठांना कुलूप लागलं.

खेळ सुरू झाला. नाकतोडा विहिरीच्या काठाशी आला, थबकला आणि खाली पडला. तळाशी टेकायच्या आत पडदा काळा झाला, आणि नाकतोडा पुन्हा काठावर उभा. पुन्हा पडला. पुन्हा उभा. काचेपलीकडे नोंदी ठेवणारी बाई होती, तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. कारण खेळणारा जिथे पडेल, तिथे तिच्या नकाशावर एक लाल ठिपका उमटे. तासाभरात नकाशाला गोवर उठला.

मालकांनी नकाशा डोळ्यांशी धरला. मग म्हणाले, "गवंडी, ही विहीर आहे की सूड?"

गवंड्याने त्या दिवशी विहिरीचं तोंड निम्मं केलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्रेसष्ट वेळा पडल्या. मग त्याने विहिरीवर पूल टाकला. असा रुंद, की त्यावरून वरात गेली असती. तिसऱ्या दिवशी नाकतोडा त्या पुलावर आला, मधोमध पोचला, थांबला, आणि तिथून त्याने शांतपणे खाली उडी टाकली.

"पुलावरूनसुद्धा?" मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. त्यांना स्वतःची आई आठवली असावी.

चाचणी संपेपर्यंत सासूबाई लेकीकडेच मुक्कामाला होत्या, जेवायला समोरच बसत. गवंड्याला वाटे, विचारावं. पण चाचणी बाद झाली, तर विहीर गेलीच. सासूबाईंना काही सांगायचं असे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. एकदा त्यांनी घास हातात धरून "त्या तुमच्या…" एवढं म्हटलंही, पण मग कागदावरची सही आठवली असावी. त्यांनी मीठ मागितलं. बायकोने दोघांकडे आळीपाळीने बघून विचारलं, तुमचं काही भांडण झालंय का? दोघांनी एकदम नाही म्हटलं. ते इतकं एकदम, की तिची खात्री पटली, झालंय.

चौथ्या दिवशी पुलाला दोन्ही बाजूंनी कठडे आले. उंच. आता पडायचं म्हटलं, तरी पडणं शक्य नव्हतं. सासूबाई अर्धा तास कठड्याशी धडपडल्या. डाव्या भिंतीवर पाय रोवायचा, हवेत उलटं फिरायचं, उजव्या भिंतीला लाथ मारायची आणि वर जायचं, अशी एक दुहेरी उडी त्या गेममध्ये आहे. बावीस वर्षांपूर्वीची ती सगळ्यांत अवघड चाल. ऑफिसातल्या सराईत माणसांना ती दहातून दोनदा साधे. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, जीभ दातांत धरली, आणि ती उडी मारून कठडा ओलांडला. आणि विहिरीत पडल्या. मग तीच उडी पुन्हा, आणि पुन्हा पडल्या.

ठिपकेवाली हळूच म्हणाली, "गवंडीदादा, ही उडी मला नाही जमत हो."

गवंड्याच्या मनात तेव्हा काहीतरी चुकचुकलं. पण मालक नकाशाकडे बघत होते, आणि नकाशात उड्या उमटत नाहीत, ठिपकेच उमटतात. मालकांनी हुकूम दिला, विहीर बुजवून टाक.

माणसाचं असंच आहे. कुणी पडलं की आपण पडणं मोजतो. किती वेळा पडला, कुठे पडला, कसा पडला, सगळं मोजतो. खाली काय होतं म्हणून गेला होता, हे विचारायला आपल्याजवळ सवड नसते. आणि असली सवड, तर नियम आडवा येतो.

गवंड्याने विहीर बुजवली. चौदा महिने रचलेल्या चौकटी एका दुपारी माती टाकून सपाट केल्या. पाचव्या दिवशी नाकतोडा सपाट जमिनीवरून चालत निघाला. विहीर होती त्या जागी येऊन उभा राहिला. खूप वेळ उभा राहिला. मागे गेला, पुढे आला, पाय आपटून पाहिले. मग दाराकडे चालू लागला आणि शंभरावा दवबिंदू दारावर समोरच टांगलेला होता, तो घेऊन आत गेला. ठिपका एकही नाही. मालकांनी गवंड्याच्या पाठीवर थाप मारली. गवंड्याला ती खांदा देणाऱ्या माणसाची वाटली.

शेवटच्या कागदावर प्रश्न होता, गेम कसा वाटला? सासूबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'विहीर का बुजवली?' खाली सही आणि तारीख.

कागद भरून झाला, म्हणजे नियम संपला. गवंडी खोलीत गेला. सासूबाई पर्सवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

"आई, तुम्ही पुलावरून का पडत होतात?"

"पडत कुठे होते? जात होते." त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असावं. "तळाशी काहीतरी चमकत होतं. दिसत होतं स्पष्ट. हात लागायच्या आत अंधार व्हायचा. म्हटलं, जागा चुकतेय. म्हणून डावीकडून सुरुवात केली, एकेक पाऊल उजवीकडे सरकत गेले. पूल केलात तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, जावईबापूंनी मधल्या भागात उतरायची सोय केली."

गवंडी जाऊन आधीचा नकाशा घेऊन आला. आता त्याला दिसलं. लाल ठिपके डावीकडून उजवीकडे, सारख्या अंतरावर, सरळ रेषेत, कोटाच्या बटणांसारखे. गोवर कधी ओळीत उठत नाही.

"आई," तो म्हणाला, "ते पाण्यावरचं ऊन आहे. चित्रकाराने नुसतं शोभेला काढलंय. तळाशी काही नाही."

सासूबाईंना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त कठीण असतं.

"एवढी खोल विहीर बांधलीत," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तळाशी काहीच ठेवलं नाहीत?"

चौदा महिने गवंड्याने विहीर कशी ओलांडायची हेच मांडलं होतं. जे काही गोळा करायचं, ते सगळं वर, पानांत, फांद्यांवर, दारावर. खाली फक्त शिक्षा.

तो नकाशा घेऊन मालकांकडे गेला. ठिपक्यांची ओळ दाखवली, ठिपकेवालीच्या वहीतली दुहेरी उडीची नोंद दाखवली. मालक म्हणाले, म्हणजे बाई पडत नव्हत्या? गवंडी म्हणाला, उतरत होत्या. मालकांनी पेन टेबलावर टकटकवलं आणि सोमवारची एक चाचणी दिली. शेवटची. त्यात एका दिवसात शंभर ठिपके पडले, तर विहीर कायमची बंद.

गवंडी दोन दिवस जागचा हलला नाही. विहीर उकरली. तोंड होतं तेवढं रुंद केलं, पूल काढला, कठडे काढले. नाकतोडा तळाशी टेकेपर्यंत पडदा उजेडात ठेवला, वर यायला खाचा कोरल्या. आणि दारावरचा शंभरावा दवबिंदू उचलून अगदी तळाशी, शेवाळाच्या एका कोपऱ्यात, चमकता ठेवला. हे सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. नवी चाचणी, नवा कागद, नवी सही.

सोमवारी नाकतोडा काठाशी आला. काचेपलीकडे गवंडी काचेला नाक लावून उभा होता. सासूबाईंनी नाकतोड्याला वाकवलं. तळ दिसला. कोपऱ्यात दवबिंदू लखलखत होता. नाकतोडा वाकलेला तसाच राहिला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मग तो सरळ झाला, दोन पावलं मागे आला, विहिरीच्या डाव्या भिंतीवर पाय रोवला, हवेत उलटा फिरला, उजव्या भिंतीला लाथ मारली, आणि अख्खी विहीर ओलांडून पलीकडे उतरला. पहिल्याच खेपेला. मागे वळून न बघता दारातून निघून गेला. झोळीत नव्व्याण्णव.

ठिपकेवालीने कोरा नकाशा पुढे केला. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एकदाही नाही? एकोणसत्तर वर्षांच्या बाई?" त्यांनी नकाशा उलटूनही पाहिला. "गवंडी, फार सोपी झाली रे. जुने लोक फाडून खातील आपल्याला. विहीर राहू दे, पण अजून खोल कर."

कागद भरून होताच गवंडी आत गेला. विहीर राहिली याचा आनंद एका डोळ्यात होता आणि दुसऱ्यात लहान मुलासारखा रुसवा.

"आई, खाली ठेवला होता. तुमच्यासाठी."

"बघितला की वाकून." सासूबाईंनी चष्मा डबीत ठेवला, पर्सची चेन लावली. "त्याच्या जागेवर आहे. मग कशाला हलवायचा?"

गवंडी त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिला. दारातून बाहेर पडता पडता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "खोल करणार असाल, तर तो तेवढा नीट खाली उतरवून ठेवा. नाहीतर मधेच लटकायचा."