दर रविवारचा साप

आमच्या शेजारच्या यादोकाकाजींना दर रविवारी साप चावतो.

सकाळी ते कुणाच्या तरी धानाच्या बांधीत जाऊन आडवे होतात आणि हाक देतात, "चावला वो." मग आम्ही दहाजणी हातातलं काम टाकून खाट घेऊन धावतो. साप नसतोच. काकाजींनी गावासाठी आखलेल्या सर्पदंश सेवेची ती तालीम असते.

धानाचं गाव, दवाखाना दूर. म्हणून काकाजींनी ज्याचं त्याचं काम भिंतीवर गेरूनं लिहून ठेवलं आहे. चौघींनी खाट उचलायची. एकीनं गाडीवाल्याला फोन करायचा. झाडफूक करणाऱ्या बुवाला चहा पाजून घरात गुंतवून ठेवायचं काम माझ्या सासूबाईंचं. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मला चावलेला पाय धरायला दिला. "तू फक्त पाय हालू देऊ नोको. बोलणारे लय आहेत आपल्यापाशी."

उशीर झाला की काकाजी खाटेवरूनच निकाल सांगायचे, "आज तुमी मले शाळेपाशीच मारलं." एकदा खाट नाल्यात कलंडली. चिखलातून उठत ते म्हणाले, "सापानं सोडलं असतं, तुमी नाई सोडलं." गाव हसायचं. आमच्या घरीही म्हणायचे, म्हातारा रिकामा आहे. काकाजींचं एकच उत्तर, "मी दवाखान्यात जित्ता पोचलो पायजे."

यंदा धानाची रोवणी चालू असताना शेजारच्या बांधीतल्या कांताला खरंच साप चावला. काकाजी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभे होते. ते आता हुकूम सोडतील म्हणून आम्ही सगळ्याजणी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते नुसतेच वाकून धुऱ्यावरचं काहीतरी उचलत होते. शेवटी मीच ओरडले, "खाट आणा." माझा आवाज गावानं बहुतेक त्याच दिवशी ऐकला.

पुढं कुणीच चुकलं नाही. खाट डगमगली नाही, गाडी रस्त्यावर येऊन उभी होती. सासूबाईंनी बुवाला तीन कप चहा पाजला. कांताचा पाय मी दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलं, धोका टळला. चिखलानं माखलेल्या आम्ही दहाजणी दवाखान्याच्या अंगणात लग्नघरच्यासारख्या हसत सुटलो. दर रविवारी हसणारी माणसं आता फोन करून विचारत होती, आमचंही नाव भिंतीवर लिहाल का.

काकाजी मात्र दिसेनात. मी आत गेले तर ते कांताच्या पलंगापाशी वाकलेले. रोवणीला उतरताना तिनं धुऱ्यावर काढलेल्या चपला ते घेऊन आले होते. दिवसभर त्या त्यांच्या हातातच असाव्यात. त्यांनी त्या पलंगाखाली नीट जोडीनं ठेवल्या.

"चालत घरी याचं हाय तिले," ते म्हणाले.

काकी मी या गावात येण्याआधीच गेल्या होत्या. कशानं, ते काकाजींनी कधी सांगितलं नव्हतं.

"आमच्या घरचीच्या," चपलांकडे पाहत ते हळूच बोलले, "धुऱ्यावरच राह्यल्या होत्या."