पारख्याच्या मिशीतली बे रम

इसवी सन १९११, फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेसहा. कॅरिबियन समुद्रातल्या, डॅनिश अमलाखालील सेंट जॉन बेटाचा दक्षिण किनारा, मिस डोरोथिया यांच्या अर्कभट्टीसमोरचे अंगण. या वेळी आणि या ठिकाणी गॉटलीब हॅचेट यांनी भट्टीवरच्या सगळ्या माणसांच्या साक्षीने जाहीर केले की, ज्याअर्थी गेली एकवीस वर्षे बे नावाच्या सुगंधी झाडाच्या पानांची पारख त्यांच्या नाकाने केली आहे, त्याअर्थी याही वर्षी ती तेच नाक करील. सर्दी झाली म्हणून नाक राजीनामा देत नसते!

"काका, ते नाक आहे की पन्हळ?" एलिफॅझने विचारले. एलिफॅझ हा पारख्याच्या जागेवर डोळा ठेवून असलेला इसम. तेव्हा त्याचे बोलणे गॉटलीब यांनी पुराव्यातून वगळले.

मिस डोरोथिया ऐंशीच्या घरातल्या. भट्टी त्यांची, टेकडी त्यांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी सेंट टॉमसहून लिंडक्विस्ट साहेब नमुना बघायला येतायत. बे रम नीट उतरली तर पारखी तूच. बिघडली तर एलिफॅझ. शिंक आता काय शिंकायचंय ते!"

गॉटलीब दोनदा शिंकले आणि निघाले.

हे पारख्याचे काम म्हणजे पोरखेळ नव्हे. बे रम म्हणजे बेच्या पानांचे तेल रममध्ये मिसळून केलेले, अंगाला आणि दाढीनंतर गालांना चोळायचे सुगंधी पाणी. टेकडीवर बेची झाडे दोन जातींची. साल तीच, पानांची चकाकी तीच. जुळ्या भावांना आई तरी ओळखते, यांना तीही ओळखायची नाही! पान चुरगळावे, तेव्हाच कळते: खऱ्याला लवंगेच्या अंगाचा उष्ण, भारदस्त वास, लबाडाला लिंबाचा. लबाड पानांचे एक पोते भट्टीत गेले, तर सगळा अर्क वाया. म्हणून पारख्याने पुढे जाऊन, हुंगून, खऱ्या झाडाला चुन्याचा पट्टा मारायचा. आणि मागून येणाऱ्यांनी, न हुंगता, पट्टेवालेच झाड ओरबाडायचे.

वाटेत गॉटलीब घरी थांबले. आता सेंट जॉनवर सर्दीला औषध एकच. डोके दुखो, ताप येवो, सासू येवो, बे रम चोळायची! अर्नेस्टीनबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला चोळली, छातीला चोळली आणि बाटलीला बूच लावले.

"मिशीला?" गॉटलीब म्हणाले.

"मिशीला कुणी लावतं का हो?"

"अगं, रोग कुठे आहे? नाकात. नाकाचा दरवाजा कुठे? मिशीवर. मग पहारा दरवाज्यावर ठेवायचा की परसात?"

अर्नेस्टीनबाईंनी बूच पुन्हा काढले. मिशी भरघोस होती. तिने अर्धी वाटी बे रम सहज पिऊन टाकली.

आणि काय चमत्कार! तासाभरात नाक मोकळे झाले, आणि टेकडीवरचे पहिलेच पान चुरगळून हुंगले, तर असा खणखणीत वास की गॉटलीब यांचे डोळे पाणावले. दुसरे झाड, तोच वास. दहावे, तोच! मोराव्हियन चर्चच्या दफनभूमीमागची सबंध राई त्यांनी आजवर लबाड म्हणून सोडून दिली होती. आज तीही खरी निघाली. गॉटलीब यांनी तिला उदार अंतःकरणाने क्षमा केली आणि चुना फासला.

बुधवारी सकाळी, मिशीला ताजा हात देऊन, ते कॉफीला बसले. कॉफीला बेचा वास! गॉटलीब यांनी अनुमान काढले: भांडे भट्टीवरच्या फडक्याने पुसले असणार. तळलेल्या माशाला बेचा वास: कढई त्याच फडक्याने. एवढ्यात शेजारची शेळी अंगाला घासून गेली. तिलाही!

"अर्नेस्टीन, शेळीने खरी पानं खाल्ली आहेत. यंदा बहर अपूर्व आहे."

अर्नेस्टीनबाई दारात ठेवलेल्या कालच्या तोडणीच्या पोत्यातून मूठभर पाने काढून उभ्या होत्या. "अहो, हे लिंबू आहे."

"ते बे आहे."

"दफनभूमीमागची राई ना? माझी आई त्याचा चहा करायची पोटदुखीवर!"

"तुझ्या आईबद्दल मला आदर आहे," गॉटलीब शांतपणे म्हणाले. "पण आईचा चहा ही ऐकीव गोष्ट, आणि माझं नाक हे प्रत्यक्ष प्रमाण. प्रत्यक्षापुढे ऐकीव टिकत नाही. पोतं उचल."

भट्टी पेटली. तांब्याच्या हंड्यात पाने, वर समुद्राचे पाणी, खाली लाकडे. आठ तास गॉटलीब जागचे हलले नाहीत. दुपारी शेजारच्या फेलिसिटाकाकू रिकामा कप घेऊन हजर!

"चहा कोण करतंय रे? गावभर लिंबाचा घमघमाट सुटलाय. जरा साखर घालून दे."

"काकू, ही बे रमची भट्टी आहे!"

"असू दे रे बाबा, मला साखर कमीच चालते."

गॉटलीब यांनी एलिफॅझकडे रोखून पाहिले. म्हाताऱ्या बायकांना फितवण्यापर्यंत या माणसाची मजल गेली होती! त्यांनी दात आवळले आणि जाळ वाढवला. तेल निघाले, रममध्ये मिसळले, बाटली भरली. हाताला फोड आले. पण निश्चयाला ओरखडाही नाही.

शुक्रवार उजाडला. साहेब येणार म्हणून गावातल्या प्रत्येक पुरुषाने गुळगुळीत दाढी केली आणि, जशी रीत आहे, दोन्ही गालांवर सपासप बे रम मारून घेतली. लिंडक्विस्ट साहेबांनीही गलबतावर तेच केले होते. साहेबांनी बाटली उघडली, हुंगली, डोळे मिटले.

"वा! असा शुद्ध वास दहा वर्षांत घेतला नाही!"

बाटली एलिफॅझकडे गेली. ताज्या दाढीचा एलिफॅझ खोट काढायला टपलेला. पण हुंगून त्याचा चेहरा पडला. "चांगली आहे," तो पुटपुटला. नऊ पुरुषांनी हुंगली, नवांनी माना डोलावल्या. गॉटलीब यांची छाती एवढी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटून साहेबांच्या बुटावर पडली!

"लिंबू आहे," मागून अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

"अगं, नऊ विरुद्ध एक! शिवाय साहेब!"

"दोन," फेलिसिटाकाकू म्हणाल्या. "मी साखर आणलीये."

मिस डोरोथियांनी बाटली मागवली, रुमालावर चार थेंब टाकले आणि कपाळाला लावले. त्यांनी ना दाढी केली होती, ना त्यांना मिशी होती. भुवया हळूहळू वर गेल्या.

"साबण आणा," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा साहेबांना."

साहेबांनी तोंड धुतले. मग एलिफॅझने, मग एकेक करून साऱ्यांनी. गॉटलीब यांची मिशी अर्नेस्टीनबाईंनी स्वतः धुतली. तीन वेळा पाणी बदलावे लागले. बाटली पुन्हा फिरली. साहेब टोपीत बघू लागले. गॉटलीब यांनी हुंगले, पुन्हा हुंगले. एकवीस वर्षांचे नाक होते, ते खोटे बोलले नाही.

"लिंबू आहे," ते म्हणाले. आणि तरीही मान ताठ ठेवून, "पण मुद्दा असा आहे की, नाक निर्दोष होतं, दोष मिशीचा—"

"एलिफॅझ तरी कुठे ओळखू शकला?" साहेबांनी विचारले. "मग पारखी ठेवायचा तरी कोणाला? दाढी तर सगळेच करतात."

मिस डोरोथियांनी रुमालाची घडी घातली.

"सगळे नाही करत," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून चुन्याची बादली अर्नेस्टीनकडे. गॉटलीब पोती वाहील."